रबराला फुगायला जागा हवी

आमच्या टेबलाच्या खणात दोन तुकडे ठेवलेले आहेत. पहिला करड्या-पिवळ्या रंगाचा आणि वजनाला हलका आहे. बोटांत धरून चुरडला तर त्याचा भुगा होतो. दुसरा म्हणजे काळ्या रबराची जाड चकती. तिच्या मध्यभागी भोक आहे, ती चांगली टणक आहे आणि आजही नवी दिसते. दोन्ही तुकडे एकाच मोटारीच्या मागच्या चाकावरचे. पहिला कारखान्यातून गाडीबरोबर आलेला, वयोमानाने संपलेला. दुसरा त्याच्या जागी आम्ही स्वतःच्या हाताने कापून बसवलेला. पहिल्याने शेवटपर्यंत गाडी सांभाळली. दुसऱ्याने तीन आठवड्यांत गाडीचा पत्रा फाडला.

असे का झाले हे समजून घेताना आम्हांला रबराविषयी पुन्हा पहिल्यापासून विचार करावा लागला. शाळेत बल, कार्य आणि ऊर्जा शिकवणाऱ्यांना या प्रकरणात बराच कामाचा मजकूर सापडेल असे वाटते, म्हणून ते सविस्तर लिहीत आहोत.

हकीकत अशी. आमच्या एका तरुण सहकाऱ्याने जुनी छोटी मोटार विकत घेतली. आधीच्या मालकाने ती 'लो' करून घेतली होती, म्हणजे मूळच्या उंचीपेक्षा खाली बसवली होती. बुटकी गाडी वळणावर कमी कलते हे खरे आहे. शर्यतीच्या गाड्या म्हणूनच जमिनीलगत असतात. पण त्यांची सगळी बांधणीच त्या हिशोबाने केलेली असते आणि त्यांचा रस्ताही आरशासारखा असतो. या मालकाने स्वस्तातला मार्ग धरला होता. मागच्या दोन्ही स्प्रिंगांचा एकेक वेढा त्याने कापून टाकला होता. (काही जण स्प्रिंग गॅसच्या ज्योतीने तापवून खाली बसवतात. ते तर त्याहून वाईट, कारण पोलादाला दिलेले पाणीच त्यात उतरते.)

मागे दोन माणसे बसली की प्रत्येक गतिरोधकावर 'धाड्' असा आवाज येई. गॅरेजमध्ये गाडी वर घेऊन पाहिली, तर मागच्या दोन्ही शॉक ॲब्सॉर्बरच्या, म्हणजे गॅरेजच्या भाषेत शॉकअपच्या, दांड्यावर नुसता भुगा चिकटलेला होता. "स्टॉपर गेलेत. या मॉडेलचे आता मिळत नाहीत. कशाचा तरी रबर कापून टाका," असा सल्ला मिळाला. सहकारी तो सल्ला घेऊन आमच्याकडे आला. प्रयोगशाळेत एका यंत्राखाली घातलेल्या टणक रबराच्या पट्टीचा तुकडा उरला होता. आम्ही त्यातून ५० मिलिमीटर व्यासाच्या, २५ मिलिमीटर जाडीच्या दोन चकत्या कापल्या आणि दांड्यासाठी मध्ये भोक पाडले. शॉकअपच्या वरच्या टोकाला पत्र्याची एक वाटी असते. तिच्यात चकती इतकी फिट्ट बसली की आम्ही स्वतःची पाठ थोपटून घेतली. त्या फिट्ट बसण्यातच सगळी चूक होती, हे कळायला तीन आठवडे गेले. तोवर वाटीभोवतीच्या पत्र्याला दोन बोटे लांबीची भेग पडली होती.

बंप स्टॉपचे काम काय? खड्ड्यात किंवा गतिरोधकावर चाक वर जाते, स्प्रिंग दबते. ती किती दबेल याला मर्यादा हवी. मर्यादा नसेल तर शॉकअप आतल्या आत शेवटपर्यंत मिटून धातूवर धातू आपटेल, किंवा टायर वरच्या पत्र्याला घासेल. म्हणून प्रवासाच्या शेवटच्या टप्प्यात एक मऊ अडथळा ठेवतात. तोच बंप स्टॉप. काही गाड्यांत तो स्प्रिंगच्या पोटात शंकूसारखा बसवलेला असतो, काहींत शॉकअपच्या दांड्यावर कंकणासारखा ओवलेला असतो. आमच्या सहकाऱ्याच्या गाडीत दुसरा प्रकार होता. नावात 'स्टॉप' असले तरी तो एकदम थांबवणारा दगड नव्हे. ती एक छोटी, शेवटी-शेवटी कडक होत जाणारी स्प्रिंगच असते.

एक वेढा कापला तर

आता थोडे गणित करू. आकडे छोट्या गाडीला शोभतील असे, सोयीसाठी पूर्णांकी घेतले आहेत.

समजा, मागच्या एका चाकावर गाडीचे २०० किलोग्रॅम वस्तुमान तोललेले आहे. स्प्रिंग १ मिलिमीटर दाबायला २० न्यूटन बल लागते. तिला आठ वेढे आहेत आणि गाडीच्या वजनाखाली तिची लांबी २८० मिलिमीटर आहे. म्हणजे प्रत्येक वेढ्याच्या वाट्याला ३५ मिलिमीटर आले. एक वेढा कापला तर उरलेल्या सात वेढ्यांवर वजन तेवढेच राहते, म्हणून प्रत्येक वेढा पूर्वीइतकाच दबतो. स्प्रिंगची लांबी सात गुणिले ३५, म्हणजे २४५ मिलिमीटर होते. गाडी बरोबर ३५ मिलिमीटर खाली बसली. (टोकांचे चपटे वेढे या हिशोबात धरलेले नाहीत.)

त्याच वेळी स्प्रिंग कडकही झाली. तेवढ्याच बलाने आता आठऐवजी सातच वेढे दबतात, म्हणजे एकूण दबणे सात अष्टमांश होते. १ मिलिमीटरला लागणारे बल २० वरून सुमारे २३ न्यूटनवर जाते. 'स्प्रिंग कडक झाली, म्हणजे कमी दबणार, म्हणजे जागा कमी असली तरी चालेल' असा युक्तिवाद गाडी खाली घेणारे नेहमी करतात. तो ऐकायला बरा वाटतो. पडताळून पाहू.

मूळ गाडीत स्टॉपला टेकेपर्यंत चाकाला वर जायला ७० मिलिमीटर मोकळी जागा होती असे धरू. गाडी ३५ मिलिमीटर खाली आली, तेव्हा उरली ३५. समतोल स्थितीपासून स्प्रिंग दाबताना साठणारी जादा ऊर्जा अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे सूत्र दहावीनंतरच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. त्यावरून मूळ गाडीची स्प्रिंग स्टॉपला टेकेपर्यंत ४९ ज्यूल ऊर्जा घेऊ शकत होती. कापलेली स्प्रिंग, कडक होऊनसुद्धा, फक्त १४ ज्यूल घेते. अंतर निम्मे झाले की वर्गामुळे ऊर्जा पाव होते. कडकपणातली सातवा हिस्सा वाढ तिथे कुठे पुरी पडणार?

आता रस्त्याकडे वळू. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत गतिरोधकाचा आकार दिलेला आहे: रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, आणि तो ताशी २५ किलोमीटर वेगाने ओलांडावा. या वेगाने चाक सुमारे पाव सेकंदात १० सेंटिमीटर वर चढते. वर जाण्याचा सरासरी वेग सेकंदाला ०.३८ मीटरच्या आसपास येतो आणि २०० किलोग्रॅमच्या हिशोबाने ऊर्जा सुमारे १४ ज्यूल. योगायोग पाहा, खाली घेतलेल्या गाडीची मर्यादा नेमकी तेवढीच आहे. नियमातला गतिरोधक, नियमातल्या वेगाने, ती जेमतेम निभावून नेईल. पण आपल्या गल्लोगल्लीचे गतिरोधक कोणत्या नियमाने घातलेले असतात ते आपण जाणतोच. एक मीटरच्या आत १० सेंटिमीटर चढणारा उंचवटा ताशी ३६ किलोमीटरने ओलांडला, तर चाक सेकंदाला १ मीटर वेगाने वर फेकले जाते. ऊर्जा १०० ज्यूल.

(या हिशोबात शॉकअपने गिळलेली ऊर्जा धरलेली नाही. ती बरीच असते. पण जुन्या गाडीचे शॉकअपही जुनेच असतात.)

शंभर ज्यूलपैकी मूळ गाडीत स्टॉपला टेकल्यावर ५१ ज्यूल शिल्लक राहतात. पुढे स्टॉप ४० मिलिमीटर दबू शकतो असे धरले, तर तेवढ्या अंतरात स्प्रिंग एकटीच ७२ ज्यूल घेऊ शकते. म्हणजे स्टॉपने नुसता शेवटचा हात द्यायचा. खाली घेतलेल्या गाडीत शिल्लक ८६ ज्यूल. त्यातले पुढच्या ४० मिलिमीटरमध्ये स्प्रिंग ५० घेते आणि ३६ ज्यूल स्टॉपवर येतात. ३६ ज्यूल भागिले ०.०४ मीटर, म्हणजे सरासरी ९०० न्यूटन बल. एका धिप्पाड माणसाच्या वजनाइतके. हे सोसण्यासारखे आहे.

आता आमची चकती. वाटीत आवळून बसवलेली ती चकती फार तर ८ मिलिमीटर दबली असेल. तेवढ्या अंतरात स्प्रिंगने सात ज्यूल घेतले. उरलेले ७९ ज्यूल चकतीने ८ मिलिमीटरमध्ये थांबवले. सरासरी बल जवळजवळ १०,००० न्यूटन, म्हणजे एक टन. आणि ही सरासरी झाली. बल शून्यापासून वाढत जाते म्हणून शेवटच्या क्षणी ते याच्या दुप्पट धरावे लागते. सबंध गाडीच्या वजनाहून अधिक भार एका नटावर आणि त्याच्याभोवतीच्या पातळ पत्र्यावर, दर गतिरोधकाला एकदा. पत्रा तीन आठवडे टिकला हेच विशेष.

दाबले न जाणारे रबर

पण २५ मिलिमीटर जाडीचे रबर फक्त ८ मिलिमीटरच का दबावे? रबर तर लवचीक! रबरी फीत आपण तिच्या लांबीच्या चौपट ताणतो.

इथेच आमची फसगत झाली होती. पॉयसनचे गुणोत्तर आम्हांला पाठ होते, पण हातात करवत असताना ते आठवले नाही. रबराचा आकार बदलणे अतिशय सोपे असते, आकारमान बदलणे मात्र जवळजवळ अशक्य. खोडरबर अंगठा आणि तर्जनीत धरून दाबा. ते जितके चेपते तितके बाजूंना फुगते. एकूण आकारमान तेवढेच राहते. साध्या रबराचा यंगचा गुणांक काही मेगापास्कल असतो. पण चहूकडून दाबून आकारमान कमी करायचे म्हटले तर लागणारा गुणांक २,००० मेगापास्कलच्या घरात जातो. पाण्याचा २,२०० आहे. म्हणजे दाबाच्या बाबतीत घन रबर हे पाण्याचेच भावंड. इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये पाणी भरून तोंड बोटाने बंद करा आणि दट्ट्या दाबा. तो हलत नाही. आम्ही पत्र्याच्या वाटीत रबर फिट्ट बसवले, तेव्हा नेमके हेच केले होते. कडेला फुगायला जागा नाही, म्हणून वाटीतला भाग दबलाच नाही. वाटीबाहेर डोकावणारा भाग काय तो थोडासा चेपला. खणातल्या चकतीच्या कडेवर वाटीच्या काठाचा कंगोरा अजून उमटलेला दिसतो.

वाटी नसती तरी सगळा प्रश्न सुटला नसता. अभियंते यासाठी एक साधे गुणोत्तर वापरतात. आपण त्याला आकारांक म्हणू. ज्या पृष्ठावर भार येतो त्याचे क्षेत्रफळ भागिले फुगायला मोकळ्या असलेल्या बाजूंचे क्षेत्रफळ. भरीव वाटोळ्या तुकड्यासाठी हा अंक व्यास भागिले चौपट उंची इतका येतो. वरचा-खालचा पृष्ठभाग सरकू न देता तुकडा दाबला तर त्याचा कडकपणा साधारणपणे (१ + २ × आकारांकाचा वर्ग) या पटीने वाढतो. ५० मिलिमीटर व्यास आणि ५० मिलिमीटर उंचीच्या तुकड्याचा आकारांक पाव. कडकपणात वाढ फक्त आठवा हिस्सा. त्याच व्यासाच्या १० मिलिमीटर जाड चकतीचा आकारांक सव्वा; पट होते चारच्या वर. आता कुणी अशा पाच चकत्या, मध्ये लोखंडी वॉशर चिकटवून, एकावर एक रचल्या तर उंची तीच ५० मिलिमीटर, रबरही तेच, पण थर साडेतीन पटींहून अधिक कडक. घरगुती दुरुस्तीत लोक नेमके असेच थर रचतात, कारण हाताशी असते ती पातळ पट्टी आणि वॉशर. थर सुटू नयेत म्हणून वॉशर घातले की काम 'मजबूत' झाल्यासारखे वाटते.

हा गुण काही ठिकाणी मुद्दाम वापरतात. मॅसिडोनियातील स्कोप्ये शहरात १९६३ साली मोठा भूकंप झाला. त्यानंतर तिथे स्वित्झर्लंडच्या मदतीने पेस्टालोझी यांच्या नावाची शाळा बांधली गेली आणि १९६९ मध्ये पूर्ण झाली. भूकंपाचे हिसके इमारतीपर्यंत पोचू नयेत म्हणून ती रबराच्या ठोकळ्यांवर उभी केली होती. ठोकळे नुसत्या रबराचे होते. इमारतीच्या वजनाखाली त्यांच्या बाजू फुगल्या. पुढच्या काळात अशा आधारांत रबर आणि पोलादी पत्रे यांचे पातळ थर आलटून पालटून घालू लागले. पत्र्यांमुळे रबर फुगत नाही, आधार उभ्या दिशेने कडक राहतो, आणि आडव्या दिशेने मात्र हवे तेवढे सरकतो. २००१ च्या भूकंपानंतर भुजमध्ये जे नवे रुग्णालय उभारले ते अशाच, मध्ये शिशाचा गाभा असलेल्या आधारांवर आहे. इमारतीला हवे ते गाडीच्या स्टॉपला नको.

रबराची स्प्रिंग करता येत नाही असे मात्र नाही. १९५९ साली ब्रिटनमध्ये आलेल्या 'मिनी' मोटारीत ॲलेक्स मोल्टन यांनी पोलादी स्प्रिंगांच्या जागी रबराचे शंकूच बसवले होते. सगळे कसब त्या शंकूच्या आकारात होते. रबर किती कडक, यापेक्षा त्याला सरकायला-फुगायला कुठे वाव ठेवला आहे, यावर ते चाले.

चपलेतला फोम

मग त्या भुगा झालेल्या मूळ स्टॉपमध्ये काय होते? तो पॉलियुरेथेन या पदार्थाच्या सूक्ष्म फोमचा होता. अशा फोममध्ये डोळ्यांना जेमतेम दिसतील एवढी बारीक पोकळ्यांची गर्दी असते, आणि निम्म्याच्या आसपास आकारमान वायूचेच असते. दाबल्यावर पदार्थाला बाजूला फुगण्याची गरज पडत नाही; तो स्वतःच्याच पोकळ्यांत घुसतो. फुगायला लागणारी जागा त्याने पोटातच बाळगलेली असते म्हणा ना. आधी पोकळ्यांच्या भिंती वाकतात, तेव्हा थोड्या बलात पुष्कळ अंतर मिळते. मग त्या मिटू लागतात. शेवटी भिंतीला भिंत टेकते आणि बल झपाट्याने चढते. चांगला स्टॉप स्वतःच्या उंचीच्या एक तृतीयांशापर्यंतही चेपतो. त्याच्या अंगावर डमरूसारख्या खाचा असतात त्याही याचसाठी. सुरुवातीला खाचा मिटतात, त्यामुळे पहिला स्पर्श अलगद होतो.

हवाई चपलेचा तळवा याच जातीचा, सूक्ष्म पोकळ्यांचा असतो. पॉलियुरेथेनच्या तळव्याचे बूटही पुष्कळांनी पाहिले असतील. कपाटात चार-पाच वर्षे जपून ठेवलेले बूट लग्नकार्याला बाहेर काढावेत आणि मांडवात पोचेपर्यंत तळव्याचे तुकडे पडावेत, हा अनुभवही अनेकांना आहे. पॉलियुरेथेनच्या काही प्रकारांतले रासायनिक बंध हवेतल्या ओलाव्याने हळूहळू तुटतात. न वापरताही तुटतात. दमट, उष्ण हवेत अधिक वेगाने. स्टॉपचा भुगा होतो तो याच कारणाने. म्हणून कोकणातली किंवा मुंबईची जुनी गाडी घेताना तिचे टायर पाहतो तसे एकदा स्टॉपही पाहावेत.

आणखी एक गुण. दाबताना आणि सोडताना बल आणि अंतर यांचे आलेख एकच नसतात. सोडतानाचा आलेख खाली राहतो. दोहोंमधले क्षेत्रफळ म्हणजे उष्णता होऊन गेलेली ऊर्जा. ती जितकी अधिक, तितका परतीचा तडाखा कमी. उसळी मारणारे रबर खेळातल्या चेंडूला चांगले, पण स्टॉप म्हणून बसवले तर गाडीचे बूड वर उडवते.

वर्गात करून पाहा

हे सगळे मोजायला प्रयोगशाळेतले यंत्र लागत नाही. एक मीटरची जाड फळी घ्या. तिचे एक टोक मजबूत बिजागरीने किंवा साखळीने जड बाकाच्या पायाशी असे अडकवा की ते वर उचलले जाणार नाही. या टोकापासून २५ सेंटिमीटरवर फळीखाली एक वीट आणि विटेवर नमुना ठेवा. दुसऱ्या टोकाला बादली टांगा. ती जमिनीपासून चार बोटेच वर असू द्या, म्हणजे काही निसटले तरी पायावर पडणार नाही. बादलीत एक लिटर पाणी ओतले की नमुन्यावर चार किलोग्रॅमचा भार वाढतो. फळी आणि रिकामी बादली यांचाही भार असतो, तो विद्यार्थ्यांना आधी काढायला सांगावा. तरफेचा तो छान सराव आहे.

नमुने दोन सेंटिमीटर लांबी-रुंदीचे आणि शक्यतो सारख्या उंचीचे कापा: खोडरबर, हवाई चपलेचा तळवा, जुन्या टायरचा तुकडा, बुटाच्या आतली स्पंजाची पट्टी. पातळ असतील ते थर चिकटवून उंची साधा, आणि मग 'थर रचल्याने काय झाले' हा प्रश्न आपोआप निघेल. दर लिटरनंतर उंची मोजून आलेख काढा. खोडरबराच्या बाजूवर आधी पेनाने चौकटी आखल्या तर त्या कशा फुगीर होतात तेही दिसते. चपलेच्या तुकड्यावरच्या चौकटी मात्र नुसत्या बुटक्या होतात. हा फरक फळ्यावर सांगून पटत नाही, पाहिला की विसरत नाही. नंतर तोच खोडरबराचा तुकडा त्याच्याच मापाच्या लोखंडी चौकटीत अडकवून दाबा. म्हणजे आमची वाटी तुमच्या वर्गात आली.

आलेखाखालचे चौकोन मोजले की ऊर्जा मिळते. एक अट घाला: प्रत्येक नमुन्याने दोन ज्यूल ऊर्जा घ्यायची आहे, तेव्हा कोणाच्या आलेखावर बल सर्वांत कमी चढले? स्पंज तर त्याआधीच सपाट होऊन गेलेला असतो, आणि टायरचा तुकडा फारच थोडा चेपून भलत्याच उंचीवर पोचतो. मऊ की कडक, हा प्रश्नच अपुरा आहे हे विद्यार्थी मग स्वतःहून म्हणू लागतात.

पत्र्याची भेग ही गोष्ट निदान दिसते तरी. न दिसणारा धोका वळणावर असतो. वळणावर गाडीचा भार बाहेरच्या चाकांवर सरकतो. त्यातला किती पुढच्या चाकावर आणि किती मागच्या, हे पुढच्या आणि मागच्या स्प्रिंगांच्या कडकपणावर ठरते. टायरची पकड भाराबरोबर वाढते, पण त्याच प्रमाणात नाही. भार दुप्पट झाला तरी पकड दुपटीपेक्षा कमीच राहते. आता घाटातले वळण, मागे माणसे आणि सामान, आणि वळणातच एक खड्डा. मागचे बाहेरचे चाक स्टॉपला टेकते. स्टॉप फोमचा असेल तर कडकपणा हळूहळू वाढतो. आमच्यासारखी चकती असेल तर तो एका क्षणात कित्येक पट होतो. मागच्या बाजूचा सगळा जादा भार त्या एका टायरवर येतो, पकड सुटते आणि गाडीचे बूड बाहेर फेकले जाते. सहकारी त्या तीन आठवड्यांत दोनदा आईवडिलांना घेऊन घाट उतरून गावी गेला होता. भेग दिसल्यावर आम्हांला पहिली आठवण झाली ती याची.

काही जण म्हणतात, स्टॉप कापून आखूड करा, म्हणजे मोकळी जागा पुन्हा वाढेल. वाढेल, पण शॉकअप जिथे आतून आपटतो आणि टायर जिथे पत्र्याला लागतो त्या जागा काही सरकत नाहीत. स्टॉपला आधी टेकायचे आणि त्यांना कधीच नाही, एवढेच अंतर हाताशी असते. गाडी खाली घेतली की ते अंतर कायमचे गेले.

शेवटी आम्ही असे केले. पत्रा वेल्डिंग करून घेतला. सुटे भाग विकणाऱ्याकडे वेगवेगळ्या गाड्यांचे स्टॉप पाहिले आणि साधारण तेवढ्याच वजनाच्या दुसऱ्या गाडीचे, आपल्या दांड्यावर बसतील असे, दोन निवडले. निवडताना तीन गोष्टी पाहिल्या. एक, तुकडा पाण्यात तरंगतो का. फोम तरंगतो, मोटारीत वापरतात ते भरीव काळे रबर बुडते. दुकानदार हसला, पण त्याने बादली दिली. दोन, तो वाटीत सैल बसतो का; चोहोबाजूंनी निदान बोटाच्या पेराइतकी फट हवी. तीन, शॉकअप काढून पूर्ण दाबल्यावर आणि स्टॉप उंचीच्या एक तृतीयांशावर आल्यावरही धातूला धातू लागत नाही ना, आणि त्या स्थितीत टायर पत्र्यापासून दूर राहतो ना. हे मोजताना गाडी नुसत्या जॅकवर उचलून तिच्याखाली कुणी जाऊ नये. भक्कम घोड्यांवर टेकवावी.

दुसऱ्या गाडीचा भाग हाही तात्पुरताच उपाय होता. त्याने गाडी रस्त्यावर आली. न कापलेल्या स्प्रिंगा मिळायला दीड महिना लागला, आणि तेवढा काळ मागे कुणाला बसवायचे नाही असे ठरले. कायद्याची बाजूही आहेच. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करायला मनाई आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केले आहे.

स्प्रिंगा बदलण्याआधी आणि नंतर आम्ही एक मोजमाप केले. शॉकअपच्या दांड्यावर वायर बांधायची प्लॅस्टिकची पट्टी, म्हणजे केबल टाय, घट्ट बांधला आणि तो खाली शॉकअपच्या अंगापर्यंत सरकवला. दांडा आत जाईल तसे शॉकअपचे अंग त्या पट्टीला वर ढकलते, आणि दांडा परतला तरी पट्टी तिथेच राहते. शॉकअप जास्तीत जास्त किती दबला त्याची ती खूण. प्रयोगशाळेपासून सहकाऱ्याच्या घरापर्यंत अकरा गतिरोधक आहेत. मागे चार सिमेंटच्या पोत्यांचा भार ठेवून तो कापलेल्या स्प्रिंगांवर एकदा घरी गेला. पट्टी स्टॉपच्या खालच्या कडेपर्यंत जाऊन तिच्यात चांगली रुतून बसली होती. न कापलेल्या स्प्रिंगांवर, तोच रस्ता, तीच पोती. पट्टी स्टॉपच्या दोन बोटे खाली थांबली होती.